पाचव्या फाशाला पकडलंच

ताई,
नाशिकला आम्ही पाच जण दर रविवारी दुपारी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, एकेक पात्र घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ) खेळतो. डीएम, म्हणजे गोष्ट आणि पहारेकरी चालवणारा, मी. दीड वर्ष झालं, बाकी सगळं छान चालतं, पण लपायचा प्रसंग आला की खेळाचा विचका होतो. गेल्या रविवारी एका सरदाराच्या गढीत रात्री शिरायचं होतं. मी तटापाशी स्टेल्थचा रोल (गुपचूप जाणं जमलं का ते ठरवणारा वीस बाजूंचा फासा) मागितला, मग अंगणात, मग जिन्यावर, मग दालनाबाहेर. रोग, म्हणजे चोराचं पात्र, खेळणारा मित्र चारही वेळा सुटला. पाचव्यांदा, खजिन्याच्या दाराशी, त्याला २ पडला. मी घंटा वाजवली, चाळीस शिपाई धावले, सेशन तिथेच संपलं. तो म्हणाला, "पकडेपर्यंत रोल मागत बसलास." त्यावरून जोरात वाजलं. शिवाय आमचं टेबल २०१४ च्या नियमांवर आहे, आणि हा २०२४ चं पुस्तक वाचून येतो आणि म्हणतो, एकदा लपलो की मी 'इन्व्हिजिबल', आता पहारेकऱ्याच्या नाकासमोरून जातो. पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, प्लेट (अंगभर पत्र्याचं जड चिलखत) घालून फिरतो, त्याचा रोल कायम फसतो, म्हणून हल्ली तो "तुम्ही जा, मी बसतो इथे" म्हणून मोबाइल काढतो. लढाईत रोग दर टर्नला एकाच खांबामागे लपतो, त्याचाही मला वीट आलाय. माझं नक्की चुकतंय कुठे?
रात्रपाळीचा डीएम
ता. क. पकडलं जायची वेळ आली की पॅलाडिन 'म्याऊ' करतो. त्याला अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा धरणं) द्यायचा का?

अरे रात्रपाळीवाल्या,

तुझ्या मित्राचं बरोबर आहे. तू त्याला मुद्दाम अडकवलंस असं मी म्हणत नाही, पण पकडला जाईपर्यंत रोल मागितलेस हे खरंच आहे. आकडाच काढू. रोगचा स्टेल्थ +७ धर, म्हणजे फाशावर पडेल त्यात ७ मिळवायचे. डेक्स्टेरिटी (चपळाई) १६ आणि स्टेल्थमध्ये एक्स्पर्टीज (दुप्पट प्रावीण्य), म्हणजे खालच्या लेव्हलचा अगदी नेहमीचा रोग. शिपाई मॉन्स्टर मॅन्युअल या शत्रूंच्या पुस्तकातले साधे 'गार्ड', पॅसिव्ह पर्सेप्शन (न शोधता जे आपोआप लक्षात येतं त्याचा आकडा, तो गाठला की सुटला) १२. फाशावर ५ किंवा त्याच्या वर पडलं की हा सुटला, म्हणजे दर वेळी ८० टक्के. ऐकायला झकास वाटतं. पण तेच ओळीने पाचदा साधायचं म्हटलं की ८० चे ३३ टक्के होतात. तीनपैकी दोन रविवारी हा पोरगा कुठे ना कुठे सापडणारच होता. तुझ्या मनात तसं काही नसेल, पण गणितात होतं.

हे मी तुला शहाणपणा म्हणून सांगत नाहीये. बारा वर्षांपूर्वी डोंबिवलीतल्या एका हॉलमध्ये मीही दर दाराला स्टेल्थ मागत होते. आमच्यातल्या एकाने काही न बोलता विजेच्या बिलाच्या पाठीमागे हाच गुणाकार केला आणि बिल माझ्या डीएम स्क्रीनवरून (डीएमसमोरच्या आडोशाच्या पुठ्ठ्यावरून) आत सरकवलं. खाली लिहिलं होतं, "त्यापेक्षा सरळ पकड." मला इतका राग आला होता की मी पुढची दोन दारं फुकट सोडली, आणि त्या दिवशीचं सेशन आमच्या सगळ्यात छान सेशन्सपैकी एक झालं. ते बिल माझ्याकडे अजून आहे.

(तुझ्या रोगला एवढं सांग की त्याचं नशीब थोर. हा वर्ग १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीत 'थीफ' म्हणून आला, आणि १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकात पहिल्या लेव्हलच्या थीफला सावलीत लपायला १० टक्के आणि आवाज न करता चालायला १५ टक्के होते. दोन्ही एकदम लागले तर शंभरात दीड! त्यापुढे +७ म्हणजे चैन आहे.)

यावरचा उपाय जुना आहे आणि डी अँड डीच्या बाहेरचा आहे. 'बर्निंग व्हील' नावाच्या खेळात 'लेट इट राइड' असा नियम आहे. एका हेतूसाठी एकच रोल, आणि परिस्थितीत खरोखर मोठा बदल होईपर्यंत तोच चालवायचा. गढीत शिरून खजिन्यापर्यंत जाणं हा एक हेतू. एकदाच फासा टाकायला लाव. १९ आला ना? मग तो १९ तटापासून दालनापर्यंत त्याच्यासोबत चालतो. दुसरा रोल कधी? आतलं काही बदललं तरच. कुत्री सोडली, जिन्याची फळी कुजकी निघाली, सरदारच अर्ध्या रात्री पाणी प्यायला उठला. 'आता तू जिन्यावर आलास' हा बदल नव्हे. जिना तर कालपासून तिथेच होता.

आता खरा घोळ. तुझ्या पत्रात दोनच अवस्था आहेत, दिसला नाही आणि चाळीस शिपाई. मधलं काहीच नाही. तू लहानपणी डबा ऐसपैस खेळलायस ना? ज्याच्यावर राज्य आहे तो डब्यापाशी उभा. जिन्याखाली कुणीतरी खुसखुसतंय हे त्याला कळतं, पण कोण ते कळत नाही, म्हणून त्याला ऐसपैस म्हणता येत नाही. टाकीमागून लाल शर्टाची बाही दिसते, पण शर्टांची अदलाबदल झाली असेल तर? चुकीचं नाव घेतलं की पुन्हा राज्य त्याच्याच गळ्यात. आणि तो बाहीकडे बघत असताना तिसराच भिडू मागून येतो आणि डबा उडवतो. सगळी मजा 'कुणीतरी आहे' आणि 'कोण आहे ते कळलं' यांच्यामधल्या त्या फटीत असते. तू ती फटच बुजवून टाकलीस.

'पाथफाइंडर' या डी अँड डीसारख्याच खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही फट नियमातच आणलीय, आणि माझ्या मते लपण्यावरचं एवढं नेटकं काम मोठ्या खेळांत दुसरीकडे नाही. तिथे चार पायऱ्या आहेत. पहिली, तू समोर दिसतोयस. दुसरी, तू दिसत नाहीस पण कुठल्या चौकोनात आहेस ते कळलंय. अशा वेळी तुझ्यावर वार करायचा तर आधी नुसत्या फाशावर ११ पडावे लागतात, म्हणजे अर्धे वार हवेत. तिसरी, तू इथेच कुठेतरी आहेस एवढंच माहीत आहे, जागा माहीत नाही. आणि चौथी, तू आहेस हेच कुणाच्या गावी नाही. ते सगळे नियम तुझ्या टेबलावर ओढून आणायची काही गरज नाही, रविवारची दुपार पुस्तकं चाळण्यात जाईल. पण प्रत्येक पहारेकऱ्याबद्दल मनात एवढं ठेव, की या घडीला त्याला काय माहीत आहे? रोल फसला की तो एक पायरी वर चढतो. एकदम चौथीवरून पहिलीवर उडी मारत नाही.

आणि माणसं किती नाखुशीने वर चढतात, याचा दाखला आपल्या पुण्यातच आहे. एप्रिल १६६३, लाल महाल. पोवाड्यातली बाजू तुला पाठ असेल, पण पलीकडची बाजू खाफी खान या मुघल इतिहासकाराने लिहिलीय, ती डीएमने जरूर वाचावी. मुदपाकखाना आणि जनानखाना यांच्यामध्ये माती-विटांनी बुजवलेली एक खिडकी होती. महाराजांची माणसं ती फोडत होती. कुदळीचा आवाज आणि कण्हणं एका नोकराच्या कानावर गेलं. तो उठला आणि शाएस्ताखानाला जाऊन सांगू लागला. खान त्याच्यावरच उखडला. रमजान चालू होता, आचारी पहाटेच्या जेवणाच्या तयारीला उठले असतील, त्यात काय एवढं! मग दासी एकामागून एक येऊन सांगायला लागल्या की भिंतीला भोक पडतंय, तेव्हा कुठे तो धडपडत उठला.

म्हणजे रोल एकदा फसला होता, आवाज ऐकू गेला होता, वर तो वरिष्ठांपर्यंत पोचलाही होता. तरीसुद्धा मोहीम संपली नाही. ऐकणाऱ्याने त्या आवाजाला आपल्या सोयीचं कारण शोधलं. रात्रपाळीच्या माणसाला गडबड नको असते रे. तू स्वतःच्या सहीतच तसं लिहिलंयस. गाढ थंडीत मशाल धरून उभा असलेला शिपाई खडखड ऐकल्यावर आधी म्हणणार 'उंदीर'. दुसऱ्यांदा ऐकल्यावर जोडीदाराला म्हणणार, 'ए, तू बघून ये.' तिसऱ्यांदा घंटेकडे जाणार, आणि घंटा उगाच वाजवली म्हणून गेल्या महिन्यात कोणाला तरी फटके पडले असतील तर तेव्हाही दोरी धरून थोडा वेळ थांबणार. तुझ्या खेळाडूंना खेळायला जी जागा हवीय ती इथे आहे.

गेल्या रविवारचं ते खजिन्याचं दार मी कसं चालवलं असतं ते लिहिते. रोगला २ पडला, +७ म्हणजे ९, समोर १२.

मी: तुझ्या पट्ट्याची कडी दाराच्या कडीला लागली. टिंग. कोपऱ्यावरच्याचं घोरणं थांबलं.
रोग: मी गोठलो.
मी: "कोण रे? शिरपा?" मशाल भिंतीवरून उचलल्याचा आवाज. उजेड कोपऱ्यावरून तुझ्या बाजूला सरकायला लागलाय. तुझ्याकडे सहा-सात पावलांचा वेळ आहे. कुलूप उघडलेलं नाही. मागे पडदा आहे, वर तुळई आहे, आणि शिरपा कोण ते तुला माहीत नाही. काय करतोस?

एवढंच. २ पडला त्याची किंमत त्याने मोजली, पण पुढचा निर्णय त्याच्या हातात राहिला. त्याने तुळई धरली तर अ‍ॅथलेटिक्स, "हो, शिरपाच" म्हणाला तर डिसेप्शनचा (थाप मारण्याचा) रोल, कुलूपच रेटलं तर मशाल कोपऱ्यावर आली तेव्हा हा अर्ध्यात. त्यातलं काही फसलं तर घंटा वाजव, खुशाल वाजव. मग कुणी म्हणणार नाही की तू ठरवून आला होतास, कारण मशाल सरकताना सगळ्यांनी पाहिलीय.

मोजदाद डोक्यात राहत नसेल तर 'ब्लेड्स इन द डार्क' या खेळातलं घड्याळ उचल. कागदावर गोल काढायचा, चार, सहा किंवा आठ फोडी करायच्या, वर लिहायचं 'गढीला जाग'. फसलेल्या रोलला एक फोड रंगवायची, मोठा घोळ झाला तर दोन. गोल भरला की चाळीस शिपाई. कागद टेबलाच्या मधोमध ठेव, स्क्रीनमागे नको. चौथी फोड रंगवताना टेबल कसं शांत होतं ते बघ, मोबाइलवाला पॅलाडिनही मान वर करेल.

रोल कधी मागायचा याबद्दल माझा एक हट्ट आहे, पुष्कळ डीएमना तो पटत नाही. खेळाडू "मी लपतो" म्हणाला की लगेच फासा टाकायला लावू नकोस. तो लपला, बरं. फासा तेव्हा, जेव्हा कोणाचा तरी डोळा किंवा कान त्याच्या दिशेने वळेल. आधीच टाकला आणि ३ दिसला, की त्याचं कॅरॅक्टर अचानक "नको, मी परत फिरतो" म्हणतं. १९ दिसला की छाती काढून चालतं. टाकीमागे बसलेल्या पोराला आपली चप्पल बाहेर दिसतेय हे कुठे माहीत असतं? पाथफाइंडरने यावर तोडगा म्हणून असे रोल डीएमने गुपचूप टाकायचे असं ठरवलंय. ते मला आवडत नाही. ज्याचं कॅरॅक्टर, त्याच्याच हातात फासा हवा, आणि तुमच्या टेबलावर आधीच संशयाचा धूर आहे, त्यात स्क्रीनमागचा खडखडाट नकोच. उशिरा टाक पण उघड्यावर टाक, आणि टाकण्याआधी सांग, "फसला तर हा वळून बघणार, अजून ओरडणार नाही."

उजेडाकडेही तुझं लक्ष नाही असं दिसतं. पत्रात रात्र आहे पण मशाल कुठे आहे ते नाही. नियमात मशालीचा लख्ख उजेड २० फूट आणि पुढे आणखी २० फूट मिणमिणता. साध्या माणसाला त्या ४० फुटांपलीकडे काही दिसत नाही, आणि तो स्वतः मात्र अर्ध्या गावाला दिसतो. मिणमिणत्या पट्ट्यात डोळ्यांनी शोधायचं तर डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फाशांतला लहान आकडा धरणं), म्हणजे पॅसिव्ह ५ ने उतरतं. तुझा १२ चा गार्ड तिथे ७ चा होतो. डार्कव्हिजनवाल्यांचंही (काळोखात बघू शकणाऱ्यांचंही) तेच, आणि हे जवळजवळ प्रत्येक टेबल विसरतं. त्यांना काळोख मिणमिणत्यासारखा दिसतो, दिवसासारखा नाही. काळोखात उभा असलेला गोब्लिन आधीच ९ चा, तो ४ वर येतो. नकाशावर मशालींच्या जागी चार नाणी ठेव, एवढं केलंस तरी 'मी कुठून जाऊ?' हा प्रश्न खेळाडू आपणहून विचारायला लागतील. तो प्रश्न विचारला गेला की अर्धं स्टेल्थ झालं.

आता 'इन्व्हिजिबल'. पहिली गोष्ट, टेबल २०१४ वर आहे तर २०१४ वर आहे. सेशनच्या मध्ये दुसरं पुस्तक उघडायचं नाही. बदलायचं असेल तर सगळ्यांनी मिळून, सेशन नसताना. दुसरी गोष्ट, त्याने ते पुस्तक अर्धंच वाचलंय. २०२४ मध्ये लपायला गडद काळोख किंवा किमान पाऊण आडोसा लागतो, कुठल्याही शत्रूच्या नजरेच्या रेषेत नसावं लागतं, आणि डीसी १५ चा (१५ किंवा त्याच्या वर गाठायचा) रोल लागतो. तो जमला की 'इन्व्हिजिबल' ही कंडिशन मिळते, आणि रोलमध्ये जे पडलं तो आकडा शोधणाऱ्याचा डीसी होतो. मग ती जाते कधी? कुजबुजीपेक्षा मोठा आवाज केलास, वार केलास, मंत्र तोंडाने म्हटलास, किंवा शत्रूला सापडलास. शब्द 'इन्व्हिजिबल' ठेवला ही त्या पुस्तकाची चूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे. त्या एका शब्दाने किती टेबलांवर भांडणं लावली असतील. पण लख्ख उजेडात, जाग्या माणसाच्या नाकासमोरून चालणं म्हणजे 'सापडणं'च, असा निकाल मी देते. लपला होता तो खांब त्याने सोडला, तो आडोसा खांबाचा होता, याच्या अंगाचा नव्हे. हे त्याला नियम म्हणून पटलं नाही तर विचार, "तुझ्यामागे एखादा गोब्लिन असाच चालत आला आणि तुझी पिशवी घेऊन गेला तर चालेल?" आमच्याकडे त्यानंतर कोणी वाद घातलेला नाही.

पॅलाडिनची मला जास्त काळजी वाटते, खरं सांगायचं तर. रोग भांडतोय म्हणजे त्याला खेळायचंय. पॅलाडिन मोबाइल काढतो म्हणजे तो हळूहळू निघालाय.

त्याची बाजू बघ. डेक्स्टेरिटी १०, वर प्लेटमुळे डिसअ‍ॅडव्हान्टेज. १२ गाठायची शक्यता साध्या फाशाला ४५ टक्के, दोनातला खालचा धरायचा तर २० टक्के. चिलखत उतरवायला पाच मिनिटं आणि परत चढवायला दहा, म्हणजे गढीच्या आवारात उतरवून हातात घेऊन फिरायचं की काय? आणि 'सगळ्यांनी टाका, एक जरी फसला तर सगळे सापडले' असं तू करत असशील, तर तो एकटा सगळ्यांना बुडवतो. चौघांना प्रत्येकी ६० टक्के दिले तरी चौघेही एकदम सुटायची शक्यता १३ टक्के आहे. २०१४ च्या पुस्तकातच याला ग्रुप चेक आहे, निम्मे किंवा जास्त सुटले की सगळे सुटले. त्याच चौघांचे १३ चे ८२ टक्के होतात! रेंजर (रानातला वाटाड्या) असेल तर 'पास विदाउट ट्रेस' आहे, दुसऱ्या लेव्हलचा मंत्र, तासभर, जवळच्या सगळ्यांना +१०. पॅलाडिनलाही त्यात गढी जमते. ग्रुप चेक सुटला तर गोष्टीत सांग कसा सुटला ते. रेंजरने त्याच्या गुडघ्याच्या पत्र्यात पागोट्याची चिंधी कोंबली, रोगने दर वळणावर हात वर करून त्याला थांबवलं. त्याचं अपयश दुसऱ्याने झाकलं हे ऐकायला त्यालाही बरं वाटतं.

पण मी तुझ्या जागी असते तर त्याला लपवलंच नसतं. लाल महालात सगळेच काही चोरपावलांनी फिरत नव्हते. खाफी खानच लिहितो की काही जण नगारखान्यात शिरले आणि खानाच्या नावाने नगारे बडवायला लावले. इतका गलका, की कोणाला कोणाचा शब्द ऐकू येईना. मोहिमेत आवाज करणाराही माणूस लागतो. तुझा पॅलाडिन गढीच्या पुढच्या दाराशी जाऊन सरदाराला आव्हान देऊ दे, वाट चुकलेला यात्रेकरू बनू दे, भिक्षेवरून वाद घालू दे. त्याचा करिश्मा कागदावर सडतोय. जोवर तो पहारेकऱ्यांना बोलण्यात गुंतवतोय तोवर 'गढीला जाग'च्या गोलाची फोड रंगवायची नाही, असं त्याच्यादेखत जाहीर कर. मग मोबाइल कोण काढतो ते बघू.

याच्याच पोटातली गोष्ट, रोगला एकट्याला सलग किती वेळ द्यायचा? मी दहा मिनिटांच्या वर देत नाही. त्याने दाराला कान लावला, "आत दोघांचे आवाज येतायत, एक ओळखीचा," आणि कट. "पॅलाडिन, इकडे पुढच्या दारावर कारभारी आलाय, त्याच्या हातात तुझ्या गुरूची अंगठी आहे." रोग तिकडे दाराशी लोंबकळत राहिला तर राहू दे, त्याला तेच आवडतं.

लढाईतला खांब. इथे मी रोगच्या बाजूने आहे, तुला आवडणार नाही. दुसऱ्या लेव्हलपासून त्याला बोनस अ‍ॅक्शनमध्ये (टर्नमधल्या जादा छोट्या कृतीत) लपायची सोय पुस्तकानेच दिलीय, आणि स्नीक अटॅकसाठी (बेसावध शत्रूवरच्या जादा इजेच्या वारासाठी) अ‍ॅडव्हान्टेज मिळवायचा हा त्याचा रोजचा मार्ग आहे. तो तोडलास तर तू फायटरची तलवार काढून घेतल्यासारखं होईल. तसंही त्याचा कुणी साथी शत्रूला पाच फुटांत भिडलेला असला की स्नीक अटॅक त्याला अ‍ॅडव्हान्टेजशिवायही लागतो, तेव्हा तू अडवून वाचवणार किती? तुला वीट आलाय तो खांबाचा, रोगचा नव्हे. मग खांबाचं काहीतरी कर. वार झाला की तो कुठून झाला हे शत्रूला कळलंच. दोन बाण एकाच खांबामागून आल्यावर तिसऱ्या टर्नला गोब्लिनने त्या खांबाला वळसा घालावा, की लपायला आडोसाच उरला नाही. किंवा मशाल फेकावी. किंवा स्वतः लपावं. गोब्लिनलाही बोनस अ‍ॅक्शनमध्ये लपता येतं, ते तू वापरत नाहीस असं मला वाटतंय. नियम पुढे करून त्याला 'नाही' म्हणू नकोस. गोब्लिनलाच त्याच्याशी बोलू दे. तो दुसरा खांब शोधेल, तिसरा शोधेल, आणि लढाई जागची हलेल.

राहिलं गेल्या रविवारचं भांडण. पुढच्या सेशनची वाट बघू नकोस, मध्येच एक दिवस त्याला फोन कर. ग्रुपवर लिहू नकोस, तिथे बाकीचे तिघे प्रेक्षक होतात. त्याला सांग की पाच रोलचं गणित मी केलं, ३३ टक्के निघाले, तुझं बरोबर होतं. आणि विचार की पुढचं सेशन खजिन्याच्या दाराशी, टिंग वाजल्यापासून सुरू केलं तर चालेल का. चाळीस शिपाई परत बराकीत पाठवायला काही लाज वाटायचं कारण नाही, ते अजून जेवूनही झाले नव्हते असं समज. तो बहुधा आधी थोडे आढेवेढे घेईल आणि मग म्हणेल की तुळई धरतो.

आणि म्याऊ. पहिल्यांदा केलं तेव्हा अ‍ॅडव्हान्टेज द्यायलाच हवा होता, दिला नसशील तर पुढच्या वेळी दे. प्लेट घातलेल्या माणसाने अंधारात म्याऊ करणं याला टेबलावर मोल आहे. दुसऱ्यांदा अ‍ॅडव्हान्टेज नाही, साधा रोल. तिसऱ्यांदा मात्र रोल मागूच नकोस. पहारेकऱ्याने मशाल भिंतीला अडकवावी, आत जावं, आणि बशीत दूध घेऊन "मने, ये ग, कुठेयस" करत थेट त्याच्या कोपऱ्याकडे यावं.